पायाळूचा पाय आणि माझी कंबर

पोराला दोन्ही बगलांत धरून मी खाली वाकलेले होते आणि तिथंच माझी कंबर धरली. वरही येईना, खालीही जाईना. पोर माझ्या हातात लोंबकळतंय, त्याचा उजवा पाय शेजारच्या काकीच्या उघड्या पाठीवर टेकलाय, आणि काकी चटईवर पालथी पडून म्हणतेय, "लागला का गो पाय? आता दुसऱ्यांदा लाव."

मी म्हटलं, "काकी, उठा."

"उठता आला असता तर तुझ्याकडं आले असते कशाला?"

"काकी, मला हलता येत नाय."

"कोणाला?"

"मला. उसण भरली."

"अगो उसण मला भरलीय, तुला नाय. लाव पाय."

माझ्या कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काळं झालं. हात थरथरायला लागले. पोर वर्षाचं व्हायला आलेलं, अंगानं गुटगुटीत, आणि मला वाटलं आता हे माझ्या हातातून सुटणार, डोक्यावर पडणार, मी बघत राहणार आणि मला वाकून उचलतासुद्धा येणार नाय. मी सासूला हाक मारली. सासू मागं कारखान्यात, आणि कारखान्यात रंग मारायच्या मशीनचा कंप्रेसर चालू. तो सुरू असला की आमच्या जोहे गावात कोणाच्या घरात कोण मेलं तरी कळायचं नाय.

पोराला वाटलं खेळ चाललाय. त्यानं काकीच्या पाठीवर दोन्ही पायांनी थयथय केली.

"हां, आता कसा," काकी म्हणाली. "आता लागतोय बघ बरोबर."

तेवढ्यात आमचे हे आत आले, फोन चार्जिंगला लावायला. हातावर, भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड. मला वाटलं सुटले. पण यांनी काकीची उघडी पाठ बघितली, पटकन तोंड फिरवलं, "चालू द्या तुमचं," म्हणाले आणि गेले. मी रडायलाच लागले. आणि पोरानं मुतून टाकलं.

काकी खालून म्हणाली, "गरम तेल लावलंस का गो?"

आता तुम्हाला नीट सांगते, नायतर तुम्हाला वाटेल आमच्या घरात काय चालतं.

माझं पोर पायाळू हाय. म्हणजे जन्माला येताना डोकं आधी नाय, पाय आधी. पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईला घाम फुटला होता आणि मी तर अर्धी मेलेच होते, पण बाहेर सासूला कळल्यावर तिनं नर्सबाईच्या हातावर पेढा ठेवला. कारण आमच्याकडं असं मानतात की कोणाच्या कंबरेत उसण भरली, पाठ लचकली, तर पायाळू माणसानं दुखत्या जागी पाय लावायचा. तीनदा. की उसण उतरते. आणि आमच्या गावात गणपती बनतात. घराघरात कारखाना. बायका दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून रंगवतात, बापे साचे उचलतात, मूर्ती उन्हात ने, सावलीत आण. धड कंबरेचा माणूस आमच्याकडं दिवाळीशिवाय बघायला मिळत नाय. त्यात आमच्या आळीतला जुना पायाळू म्हातारा गेल्या साली वारला. म्हणजे जागा रिकामीच होती, आणि माझं पोर आलं.

चार महिन्यांचं होतं तेव्हापासून बायका येतात. हमरापुरातनं येतात. एक तर पार रामवाडीहून आली, रिक्षा करून. पोर स्वतः चालत नाय, मग त्याचा पाय लावणार कोण? मी. पोराला उचलायचं, वाकायचं, पाय टेकवायचा, वर उचलायचं, परत वाकायचं. एकीचं झालं की दुसरी. आणि मधल्या वेळात डोळ्यांची आखणी. मूर्तीचे डोळे आखायचं काम आमच्या घरात माझ्याकडं हाय. नववीत शाळा सोडली, पण चित्रकलेत मला कायम चांगले मार्क होते.

तर मी तशीच अडकलेली. शेवटी कंप्रेसर बंद झाला, माझं रडणं ऐकू गेलं आणि सासू धावत आली. पोर काढून घेतलं. मला हळूहळू आडवं केलं, काकीच्या शेजारी, त्याच चटईवर. आम्ही दोघी पालथ्या. काकी माझ्याकडं मान वळवून म्हणाली, "तुला खरोखरच भरली काय गो?"

सासूनं वेळ नाय घालवला. पोराला धरलं आणि माझ्या कंबरेला पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. काय फरक नाय. तिनं परत लावला. मग डावा पाय लावून बघितला. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की पोराचा पाय आईला लागू पडत नाय. कोणी म्हणालं, असंच असतं, नाळ एक असते ना. कोणी म्हणालं, दृष्ट लागली पायाला. सासूचा चेहरा उतरला. मला दुखतंय ते एक, आणि पोराच्या पायाचं नाव जातंय ते एक. तिला दुसरं जास्त लागलं असं मी म्हणणार नाय, पण कमीही नाय लागलं.

मला या कशाचं काय नव्हतं. माझ्या डोक्यात एकच. मला माझं पोर परत उचलता येईल का? गावात एक बाई हाय, तिचा मणका सरकला म्हणतात. ती नातवाला कडेवर घेत नाय, नातू तिच्या पदराला धरून उभा असतो आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते, तेवढंच. मला झोपल्या जागी सारखी तीच बाई दिसायची. पोर शेजारी रडायचं, हात वर करायचं, आणि मी उशीत तोंड खुपसायची.

यांनी दुसऱ्या दिवशी मला पेणला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी पाय वर करायला लावले, बोटांनी ठिकठिकाणी दाबून बघितलं, पायाला मुंग्या येतात का विचारलं, एक्सरे काढला. म्हणाले, हाडाला काय नाय झालेलं, स्नायू आखडलेत, दगडासारखे झालेत. गोळ्या घ्या, शेक घ्या, दुखणं जरा बसलं की चांगल्या माणसाकडून मालीश घ्या, आणि सध्या वाकून पोराला उचलू नका. मला विचारायचं होतं, सध्या म्हणजे कधीपर्यंत? पण कधीच नाय म्हणाले असते तर? मी न विचारताच आले आणि घरी येऊन घाबरत बसले.

माझं माहेर रोह्याला. आईला फोनवर कळलं तशी ती म्हणाली, "इकडं ये. आमच्या मागच्या गल्लीत एक जण मालीश करते, दवाखान्यात कामाला होती, तिथं रीतसर शिकलीय. ये तू."

जायचं कसं? एसटीचे धक्के मला सोसायचे नाय. मग यांनी डोकं चालवलं. आमचा गणपती पोचवायचा टेम्पो काढला, मागं भाताचा पेंढा जाड अंथरला, जसा मूर्तीखाली अंथरतो तसा, वर दोन गोधड्या, आणि मला आडवं घातलं. दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, हलू नये म्हणून. सासूनं वरनं चादर घातली. पोराला घेऊन ती पुढं बसली. आणि टेम्पो यांनी इतका हळू चालवला, इतका हळू, की सायकलवाले पुढं गेले. मोठ्या ऑर्डरची मूर्ती नेताना नेतात तसा.

नागोठण्याजवळ चहाला थांबलो तर एक म्हातारे गृहस्थ टेम्पोजवळ आले. पेणचा टेम्पो, पेंढा, वर चादर. त्यांनी चप्पल काढली, हात जोडले. म्हणाले, "एवढ्या लवकर निघाले बाप्पा?" मी चादरीतनं तोंड बाहेर काढलं. बाबांची जी तारांबळ झाली. सासू पुढनं उतरली आणि हसून हसून तिला ठसका लागला. मलाही हसू यायला लागलं, आणि हसलं की कळ यायची, म्हणून मी "हसवू नका, हसवू नका" म्हणत रडत होते. तेवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते तिथं.

रोह्याला दोन दिवस नुसता शेक घेतला आणि मग ती मालीशवाली ताई आली. तिला सगळे ताईच म्हणतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल, मनगटं जाड, नखं अगदी बारीक कापलेली. मला वाटलं आल्या आल्या तेल ओतून रगडायला लागेल. पण तिनं आधी डॉक्टरांचा कागद वाचला, मग खाली बसून नुसत्या गप्पा मारल्या. कुठं दुखतं, सकाळी जास्त की रात्री, बसताना कशी बसतेस. मग मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली, तळव्यावर खोबरेल चोळून गरम केलं आणि पाठीवर नुसता हात ठेवला. हलवलाच नाय.

"श्वास घे," ती म्हणाली.

"घेतेय की."

"नाय घेत. धरून ठेवलायस. कोणाची वाट बघतेस, सोड."

मी सोडला. आणि मला कळलं की मी खरंच कितीतरी दिवस श्वास असा अर्धाच घेत होते. पोर जन्मल्यापासूनच म्हणा ना. पडेल, गुदमरेल, ताप येईल, रात्री झोपेत त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची मी.

मग ताईचे हात चालायला लागले. लांब लांब, खालून वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावर नाय. मग अंगठे. जिथं गाठ लागेल तिथं अंगठा थांबायचा, मी श्वास सोडला की आत जायचा, घेतला की थांबायचा. दुखायचं, पण ते दुखणं वेगळं होतं. एखाद्या घट्ट डब्याचं झाकण कोणीतरी फिरवत असावं तसं. आणि ते फिरलं. कंबरेच्या डाव्या बाजूला काहीतरी हळूच सुटलं आणि गरम गरम पायापर्यंत गेलं. मी विचारलं, "हे काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय, कडक होता तो मऊ झाला."

मला तिच्याशी बोलायला बरं वाटायला लागलं. एकदा मालीश करता करता तिनं विचारलं, "दिवसभरात जड असं काय उचलतेस? मूर्ती?"

"मूर्ती बापे उचलतात. मी पोराला उचलते."

"सगळ्याच आया उचलतात. किती वेळा?"

"ज्याची ज्याची कंबर धरेल तितक्यांदा."

तिचे हात थांबले. "म्हणजे?"

मी सांगितलं. पायाळू, तीनदा, हमरापूर, रामवाडीची बाई, सगळं. पाठीवरचे हात थरथरायला लागले. मला वाटलं हिला काय झालं, मान वळवून बघितलं तर ती हसत होती. हसता हसता खालीच बसली, तेलाचे हात वर धरून, कपड्यांना लागू नयेत म्हणून.

"म्हणजे गावच्या कंबरा तुझं पोर बरं करतंय," ती म्हणाली, "आणि पोराला उचलून उचलून कंबर तुझी जातेय."

मला तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं. तुम्हाला खोटं वाटेल. मी म्हटलं, "मग पायाचं सगळं खोटं का?"

"पायाचं मला काय ठाऊक नाय बाई. मला पाय उचलणारीची कंबर कळते."

मग मी ते विचारलं. डॉक्टरांना विचारता आलं नव्हतं ते. उशीतच तोंड ठेवून विचारलं, म्हणजे तिचा चेहरा दिसायला नको. "ताई, मला पोर परत उचलता येईल का?"

"का नाय येणार? उचलायला शिकवते की तुला."

एवढ्या सहज म्हणाली. मी उशी भिजवली.

तिनं शिकवलं ते असं. कंबरेतनं वाकायचं नाय, गुडघ्यात बसायचं. पोराला छातीशी घट्ट घ्यायचं, लांबून हात करून नाय, आणि मग मांड्यांच्या जोरावर उठायचं, श्वास सोडत. पोराऐवजी आधी उशी, मग आईची तांदळाची पिशवी. आई म्हणायची, "पोराच्या नावानं माझे तांदूळ किती वेळा उचलतेस, झोपतील ते एखाद दिवस." आणि ताईनं माझ्या आईला शेजारी बसवून माझ्या पाठीवर हात कसा फिरवायचा ते दाखवलं, मग मला आईच्या पाठीवर. आईची पाठ मी जन्मात कधी दाबली नव्हती. "जरा वर, हां, जरा डावीकडं," करत आई झोपूनच गेली.

पोराला मात्र या दिवसांत कोणी उचलत नव्हतं फारसं. मला मनाई, आईचे गुडघे दुखतात. आधी भोकाड पसरायचं. मग बघितलं की कोणी येत नाय, तर ते स्वतःच रांगत माझ्याकडं यायला लागलं. मी पालथी असले की माझ्या कंबरेला धरून उभं राहायचं. एक दिवस ताईचं मालीश नुकतंच संपलं होतं, ती मोरीत हात धूत होती, मी चटईवर तशीच ऐसपैस पडलेली. पोर आलं, मला धरून उभं राहिलं, एक गुडघा वर टाकला, दुसरा टाकला आणि चढलं माझ्या पाठीवर. आणि उभं राहिलं. कशालाही न धरता. मला ते दिसत नव्हतं, नुसते दोन छोटे गरम तळवे कळत होते, तेलावर सरकणारे. मग एक तळवा उचलला गेला आणि थोडा पुढं टेकला. मग दुसरा.

माझं पोर पहिली पावलं चाललं ती माझ्या पाठीवर. मी ती बघितली नाय, पण तुमच्यापैकी कोणी आपल्या पोराचं पहिलं पाऊल असं अंगावर मोजलंय का?

मी श्वास रोखून पडलेली, आणि दारातनं आवाज आला, "अगो बाय, लागला पाय."

सासू. मला न्यायला हे आणि ती आले होते आणि नेमके तेव्हाच दारात. पोर घसरून चटईवर बसलं आणि आजीला बघून हात वर केले. पण मीच उठले. कुशीवर वळले, गुडघ्यात बसले, पोराला छातीशी घेतलं, श्वास सोडला आणि उभी राहिले. कळ नाय. पोर माझ्या खांद्यावर, त्याचा हात माझ्या केसांत, आणि मी उभी. यांचे डोळे भरले, म्हणून ते टेम्पो नीट लावायला गेले. टेम्पो नीटच लावलेला होता.

सासूनं पोराचे पाय घेतले आणि डोळ्यांना लावले. "कोण म्हणत होता आईला लागू पडत नाय? आपापला चालून लावायला हवा होता, म्हणून पडत नव्हता."

मी ताईकडं बघितलं. आता ती सांगेल, म्हटलं. इतके दिवस अंगठे कोणी झिजवले? ताई पदराला हात पुसत म्हणाली, "व्हय आजी. पोरानंच केलं बघा." आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

आम्ही जोह्याला यायच्या आधी बातमी पोचली होती. पोरानं आईच्या पाठीवर चालून उसण उतरवली, तीसुद्धा एक्सरे काढलेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायका बसलेल्या. काकी सगळ्यांत पुढं.

मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "पोराला मी उचलणार नाय. हा आता मोठा झाला, स्वतः येऊन पाय लावतो. पालथं पडायचं आणि वाट बघायची. त्याच्या मनाला येईल तेव्हा येईल." सासूनं मान डोलावली, कारण नियम तिचाच होता.

काकी पडली. पोर कोपऱ्यात डबा वाजवत बसलं होतं. त्यानं ढुंकूनही बघितलं नाय.

"कधी येल गो?"

"येईल. तोपर्यंत जरा तेल लावते. पायाला तुमची सुटलेली पाठ पाहिजे."

"या वेळी खराच तेल ना?" काकीनं विचारलं, आणि अख्खा ओटा हसला.

मी मांडी मोडून नीट बसले, तळवे चोळून गरम केले, आणि काकीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. काकी श्वास धरून होती. मी म्हटलं, सोडा. मग लांब लांब हात, कण्याच्या दोन्ही बाजूंनी. अंगठा एका गाठीवर थांबवला, तिनं श्वास सोडला तशी ती गाठ सुटली, माझ्या अंगठ्याखाली कळलं मला. काकी "आई गं" म्हणाली, पण ती हाक दुखणाऱ्याची नव्हती, सुखावलेल्याची होती. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, बधिर होतं, त्यांना मी हात लावत नाय, पेणला डॉक्टरकडं धाडते. ते ताईनं शपथ घालून सांगितलंय. पण काकीचं तसलं काय नव्हतं.

काकी पेंगायला लागली तेव्हा कुठं पोर डबा टाकून आलं, तिच्या पाठीवर चढलं, डुगडुगत दोन पावलं टाकली आणि धपकन बसलं.

काकी उठली. सरळ उभी राहिली, एकदा या बाजूला वळली, एकदा त्या बाजूला. मग पोरापुढं वाकून त्याच्या पायाला हात लावला, वाकतानाही अगदी सहज वाकली, आणि ओट्याकडं बघून म्हणाली, "पोराच्या पायात काय हाय ते देवाला ठाऊक."

सासू इतकी खूश होती की तिनं सगळ्यांना चहा टाकला. पोर टाळ्या वाजवत होतं. दुसरी बाई पदर खोचून पालथी पडतही होती. आणि मी मागं बसून माझे दुखरे अंगठे चोळत होते. जिभेवर आलेलं सगळं. काकी, अहो पाय नाय, माझे हात. एवढंच वाक्य. ते बोलले असते तर सासूचा चेहरा पुन्हा उतरला असता आणि ओटा रिकामा झाला असता. नाय बोलले, तर पोराचं नाव होतंय आणि माझ्या हाताखाली आळीच्या कंबरा सुटतायत, मला हसत हसत पोर कडेवर घेता येतंय.

पोर आलं आणि माझ्यापुढं हात वर करून उभं राहिलं. मी गुडघ्यात बसले, त्याला छातीशी घेतलं, श्वास सोडला आणि उठले. बोलले काय नाय. आजपर्यंत नाय बोलले.

तुम्ही असता तर सांगितलं असतं का?